सातवी पास

पाहुणे अकराला येणार होते. दहा वाजून गेले तरी इंदुमतीचे हात एका जागी ठरेनात. धुतलेले कप तिनं पुन्हा धुतले, पुसलेली फरशी पुन्हा पुसली आणि शिऱ्याखालचा गॅस बंद केलाय की नाही ते बघायला चार वेळा आत-बाहेर केलं. शिरोलीतलं दोन खोल्यांचं घर, त्यात फेऱ्या मारून मारून माणूस किती मारणार?

घोर लागला होता तो टीव्हीशेजारच्या एका कागदाचा. लेकीचा बायोडाटा. शिक्षणापुढं ठळक छापलेलं, एम.एस्सी. केमिस्ट्री. प्रियदर्शनी एका फौंड्रीच्या लॅबमध्ये लोखंड तपासायच्या कामावर होती. स्थळ आलं होतं आजऱ्याचं. काजूचा कारखाना, नवा बंगला, आणि मुलगा यशराज बारावीपर्यंत शिकलेला.

"वैनी, ते एम.एस्सी. काढून टाका की," केरबा म्हणाला. हा नवऱ्याचा चुलतभाऊ, स्थळ त्यानंच आणलेलं. "नुसतं बी.ए. घाला. पोरगी वरचढ दिसली की पावणं बिचकत्यात. एकदा अक्षता पडल्या की कोण बघतंय?"

"बरोबर हाय," तिचा नवरा सयाजी म्हणाला. "कोपऱ्यावरनं दुसरा काढून आण जा. झटक्यात."

प्रियदर्शनी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. "पोरगा फोनवर चांगला वाटला मला," ती म्हणाली. "पण मी कोण हाय ते त्याला कळू दे की. न्हायतर तिथं जाऊन जन्मभर अडाण्याचं सोंग करू?"

इंदुमतीनं हातातला कप खाली ठेवला. तिनं पायात चपला सरकवल्या आणि ती बाहेर पडली.

सोंग! त्या सोंगाबद्दल तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? या घरात ती सातवी पास म्हणून आली होती. तिच्या वडलांनी पाहुण्यांना तसंच सांगितलं होतं, कारण सयाजी नववी नापास. खरं तर ती गारगोटीला बारावी सायन्स झालेली, गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव. "एवढं एक पोटात ठेव बाळ," वडील म्हणाले, आणि या गुणी बाईनं ते सव्वीस वर्षं ठेवलं. पोट तरी केवढं म्हणायचं!

सहा वर्षांपूर्वी सयाजीला शुगर निघाली. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. सयाजीनं चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवून जाहीर केलं, "गोळी जेवल्यावर." चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, जेवणाआधी. इंदुमती "व्हय" म्हणाली आणि त्या दिवसापासून, "मागनं इसरतासा" म्हणत, ताट वाढायच्या आधीच गोळी पुढं करू लागली. हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

कोपऱ्यावरच्या दुकानात क्रांती कॉम्प्युटरपुढं बसली होती. प्रियदर्शनीच्याच वर्गातली पोरगी. काय करायचं ते ऐकून तिनं तोंड वाकडं केलं, पण बटण दाबायला लागली. पडद्यावरचं एकेक अक्षर मागून खाल्लं जात होतं. केमिस्ट्री गेलं. एम.एस्सी. अर्धं उरलं. इंदुमतीनं पडद्यावर बोट ठेवलं.

"थांब," ती म्हणाली. "परत घाल. सगळं घाल. आन् खाली आईच्या नावाम्होरं गृहिणी हाय न्हवं? तिथं आणखी एक ओळ घाल."

तिनं सांगितलं तसं क्रांतीनं टाइप केलं आणि काकूंकडं बघतच राहिली.

घरी येईतो पाहुणे टेकले होते. केरबानं तिच्या हातातला कागद घेतला आणि न बघताच यशराजच्या वडलांपुढं धरला. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय असावी.

"शिक्षण, एम.एस्सी. केमिस्ट्री."

केरबाला ठसका लागला. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या, पण वाचायचं थांबवलं नाही. "वडील, सयाजी. आई, सौ. इंदुमती, गृहिणी. शिक्षण, बारावी सायन्स. गणितात एक्क्याण्णव."

सयाजी हसला. "छापणारीनं घोळ घातलाय वो. आमची सातवी हाय."

"घोळ न्हाय." इंदुमतीचा आवाज ठाम निघाला. "मीच घालाय लावलं. बारावीच हाय मी. सातवी खोटी हुती."

पाहुण्यांनी शिरा खाल्ला, चहा घेतला. यशराज काहीतरी बोलायला गेला, पण वडील उठले तसा तोही उठला. "कळवतो," वडील म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. केरबा चपला आपटत त्यांच्या मागोमाग गेला.

आता घर डोक्यावर घेणार, म्हणून इंदुमती भिंतीला टेकून उभी राहिली. सयाजी ओरडला नाही. त्यानं कपाटातली डॉक्टरांची चिठ्ठी आणली.

"वाच."

"जेवणाआधी."

"मी जेवल्यावर म्हटलोतो."

"व्हय."

"सहा वर्सं?" तो मटकन खाली बसला. "मला येड्यात काढलंस गं."

"मला काढलं हुतं माझ्या बानं. मी निस्तं निभावलं."

लेक धावत येऊन गळ्यात पडेल, असं तिला वाटलं होतं. लेक दारातच उभी होती, डोळे लाल.

"धाव्वीत माझं गणित अडलं हुतं," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळ्या पोरी क्लासला जायच्या. मी पुस्तक घिऊन तुझ्यासमोर रडत हुते, आन् तू भाकरी थापत हुतीस. मला काय कळतंय म्हणालीस. तुला येत हुतं, आई?"

इंदुमतीनं आपल्या बापाकडं बोट दाखवावं, तर त्या दिवशी तोंड स्वतःचंच बंद होतं.

"येत हुतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

कोणी कोणाला जवळ घेतलं नाही. मग इंदुमतीनं पदरानं तोंड पुसलं, टीव्हीशेजारचा जुना बायोडाटा उचलून कोऱ्या बाजूला उलटा केला आणि पेन घेऊन फरशीवर मांडी घातली.

"कुठलं गणित हुतं ते?"

"आता काय करायचंय त्याचं?"

"सांग तरी."

प्रियदर्शनीनं नाक ओढलं. "स्पर्शिकेचं," ती म्हणाली, पण दारातनं हलली नाही.

इंदुमतीनं पेन टेकवला आणि वर्तुळ काढायला घेतलं.