उदाहरणाची जागा

तिने खोक्यातून पुढचं कार्ड काढलं आणि बाबांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचलं.

"रोमांच. रोम म्हणजे अंगावरचे केस, अंच म्हणजे वर वळणं. अचानक आनंदाने किंवा नवलाने अंगावर काटा येणं."

बाबा छताकडे बघत होते. शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं भल्याभल्यांना घाम फोडणारे हे संपादक पक्षाघाताचा झटका आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. आता नव्या आवृत्तीची कार्डं तपासायचं काम लेकीकडे आलं होतं.

"कुणाला वाचून दाखवतेस?" दादा दारातून म्हणाला. त्याने बाबांची पिशवी भरून ठेवली होती. चार वाजता शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. "त्यांना काही कळत नाही, चिमणे. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

हल्ली तिलाही आतून तेच वाटू लागलं होतं, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटत होती.

बाबांचा नियम मोठा तऱ्हेवाईक. उदाहरण पुस्तकातून उचलायचं नाही, स्वतःच्या जगण्यातून आणायचं. नाहीतर जागा कोरी ठेवायची. या शब्दाची जागा म्हणे अकरा वर्षं कोरी होती, आणि कचेरीत त्यावरून थट्टा चालायची. तिने कार्ड उलटलं. मागे बाबांचं बारीक अक्षर होतं. खाली तारीख होती, तिच्या जन्माची.

"नर्सने मुलगी हातात ठेवली," तिने वाचलं. "तिने माझं बोट घट्ट धरलं आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले."

तिची नजर बाबांच्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे केस एकेक करून ताठ उभे राहत होते. पंखा बंद होता, खिडकीही. इतकं मोठं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

केस हळूहळू पुन्हा बसले.

"दादा, इकडे ये. हे तू वाच."

"अगं, गाडी येईल आता."

"एकदाच. त्यांच्या हाताकडे बघत बघत."

दादा कंटाळून वाचू लागला. 'घट्ट धरलं'पाशी तो थांबला, आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला, पिशवीची चेन उघडली, तळाशी गेलेला बाबांचा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला.

"पुढचं कार्ड काढ," तो म्हणाला.