ठकुबाईचा नवस

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे मानमोडीच्या साथीत वेल्ह्यात घरटी एक माणूस गेलं, तेव्हा ठकुबाईचा आठ वर्षांचा कुंडलिकही तापानं बेशुद्ध पडला होता. तिनं अंगणातून तोरणा गडावरच्या देवीला हात जोडले. “मेंगाई, ल्योक वाचव. त्याला तुझ्या पायावर आणून घालीन.”

ल्योक वाचला. नवस मात्र आज-उद्या करत राहून गेला. पुढं कुंडलिक पुण्यात मिशनच्या दवाखान्यात कामाला लागला आणि तिथंच ख्रिस्ती झाला. आईला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं, तेव्हा नोकरी सोडून तो घरी आला. ते साल होतं १९३४.

“नवस फेडला न्हाई म्हणून माझं निम्मं अंग गेलं,” ठकुबाई म्हणाली. “आता पुढचा घाला तुझ्यावर.”

“आय, तुला गडावर नेतो. पर देवीपुढं म्या वाकणार न्हाई.”

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ने.”

मार्गशीर्षातल्या मंगळवारी, दिवस उगवताना ते निघाले. घोंगडीची झोळी करून त्यानं आईला पाठीवर बांधलं होतं. नारळ घेऊन धाकटा चुलता चिमाजी आणि भावकीतले दोघं मागून चालत होते. या पोराला वाकवूनच आणायचं, असं भावकीत ठरलं होतं. कुंडलिकला ते ठाऊक होतं.

वरचा चढ उभ्या कातळाचा. पायाखाली खोबणी आणि डाव्या हाताला नुसती दरी. एका ठिकाणी त्याचा पाय सटकला. तो गुडघ्यावर आदळला, पण दोन्ही हातांनी कातळ धरून राहिला. ठकुबाईचा चांगला हात त्याच्या गळ्याभोवती आवळला. मागून कुणी पुढं आलं नाही. घुसमटतच तो उठला. गुडघ्यातून रक्त वाहत होतं.

“कुंडलिक,” ती कानाशी पुटपुटली, “वाकलास तर तुझा देव तुला मारंल?”

“न्हाई.”

“मग?”

पाचसहा पावलं चढून तो म्हणाला, “मारणारा असता तर तुझ्यासाठी मार खाल्ला असता, आय. पर त्यानं लई जीव लावलाय. म्हणून त्याचा शबूद मोडवत न्हाई.”

देवळापाशी त्यानं आईला दारात अलगद टेकवलं आणि तो बाजूला उभा राहिला. चिमाजीनं त्याच्यापुढं नारळ धरला.

“घे. आईचा जीव हाय यात.”

“आईसाठी जीव मागा, नाना, देतो. हे न्हाई जमायचं.”

“आईपरीस तो मिशनचा देव मोठा झाला व्हय रं?” चिमाजीनं खूण केली. दोघांनी कुंडलिकचे दंड धरले. चिमाजीनं त्याची मान पकडून खाली दाबायला सुरुवात केली. कुंडलिकनं हात उगारला नाही. फक्त पाठ ताठ धरली. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. डोकं बोट-बोट खाली जात होतं.

“सोडा त्याला!”

ठकुबाई एका हातावर फरफटत पुढं आली होती.

“वहिनी, तुमचाच नवस—”

“माझाच हाय. म्हणून सांगते. जबरदस्तीनं दाबलेली मुंडी देवीला काय करायची, भावजी? सोडा.”

चिमाजीचा हात ढिला पडला.

ठकुबाई वळली आणि तिनं उंबऱ्यावर कपाळ टेकवलं. “मेंगाई, बोलल्यापरमानं तुझ्या दारात आणलाय. म्होरं त्याचं मन, त्यावर माझा जोर न्हाई. राग असंल तर माझ्यावर काढ.” मग तिनं नारळ मागून घेतला आणि एका हातानं पायरीवर आपटला. तो फुटला नाही. तिनं पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा फुटला.

उतरताना चिमाजी आणि ते दोघं पुढं निघून गेले. त्या दिवसापासून भावकीनं कुंडलिकच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. पेरणीला कुणी बैल दिला नाही, ठकुबाईला बघायला कुणी आलं नाही. कुंडलिक तिला रोज न्हाऊ घालायचा, भरवायचा. तरी कधी कधी भाकरीचा घास मध्येच थांबवून ती रडायची.

“एकदा वाकला असतास तर काय झालं असतं रं?”

तो तिचे डोळे पुसायचा आणि ती तोंड उघडेपर्यंत घास हातात धरून बसायचा.