आत्याच्या अंगणातली रेघ

मोजणीच्या दिवशी आत्याचं अंगण इतकं चकाचक होतं की मला तिथेच संशय यायला हवा होता. पण गेलं वर्षभर मला काही येतच नव्हतं, ना संशय, ना राग, ना रडू. नवऱ्यापासून कायद्याने सुटले त्या दिवशीही मी कोर्टातून थेट ऑफिसात गेले आणि कुठल्याशा वसाहतीच्या गटारांचा नकाशा पुरा केला. लोक म्हणाले, किती खंबीर पोरगी! खंबीर कसली, बधिर झाले होते.

आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. आत्याने वाढवलं. त्यामुळे माझं माहेर म्हणजे उताराच्या पायथ्याचं तिचं दोन खोल्यांचं घर, मागे दलदल आणि दिवसभर पाणकोंबड्यांची कटकट. संसार मोडल्यावर मी भाड्याच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "माझ्यामागे हे घर तुझंच आहे. कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही." त्यावर मी नुसतं बरं म्हणाले होते.

घराभोवतीची सगळी जमीन चुलतभावाची, दादाची. त्याला ती प्लॉट पाडून विकायची होती आणि आराखडे काढणं हा माझा धंदा. त्याने आधी स्वतःच एक नकाशा काढला होता. वहीत चौकोन आखावेत तसे त्याने पार पाण्यापर्यंत प्लॉट आखले होते. मी म्हटलं, असं मंजूर होणार नाही. घरं सगळी वरच्या माळावर जवळजवळ घे, प्लॉट लहान कर, सांडपाणी वरच एकत्र शुद्ध कर, आणि खालची जमीन पाण्याला आणि पाखरांना सोडून दे. तो बराच वेळ कुरकुरला, मग म्हणाला, "ठीक आहे बाई. अडला हरी..."

"पुढचं बोलू नकोस," मी म्हणाले.

नियम साधा होता. दलदल जिथे संपते तिथे रेघ मारायची आणि रेघेपासून तीस मीटरचा पट्टा राखीव ठेवायचा, त्यात घर नको. दलदल कुठे संपते हे कसं कळतं, असं आत्याने फोनवर विचारलं, तेव्हा मी सहज सांगून टाकलं की लव्हाळा जिथे संपतो तिथे.

मोजणीवाले लव्हाळ्याच्या कडेकडेने लाल निशाणं रोवत चालले. निशाणं आत्याच्या घरापासून खूप खाली गेली आणि तशीच सरळ दादाच्या उतारावरही खालून निघाली. दादा हरखला. "अगं, खाली आणखी चार प्लॉट बसतात की!" मी कागदावर पाहिलं, खरंच बसत होते. मग मी घरात गेले.

आत्या चहा टाकत होती. तिच्या तळव्यांना बारीक चिरा पडल्या होत्या. लव्हाळ्याची पात हात कापते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

"उपटलास ना सगळा?"

"पाहुणे येणार होते, जरा साफसफाई केली."

"आत्या."

"मग काय करू? पट्ट्यात आलं तर घर जाईल म्हणालीस."

"पण दादाच्या उतारावरचा का काढलास?"

मी खुळी की काय अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली. "आपलंच तेवढं साफ केलं असतं तर लगेच डोळ्यावर आलं नसतं? एक बाजू झाडायची नि दुसरी तशीच ठेवायची, असं कुणी करतं का?"

बाईने माझं माहेर वाचवायला सगळा उतारच बोडका केला होता. मला हसू यायला हवं होतं, किंवा तिच्या गळ्यात पडावंसं वाटायला हवं होतं. मी चहा प्यायले, कप विसळला आणि बाहेर जाऊन माती काढायचा हातबरमा उचलला.

अंगणात हातभर खाली माती राखाडी निघाली, मध्येमध्ये गंजासारखे ठिपके. पाणी साचत असल्याशिवाय असे ठिपके पडत नाहीत, म्हणजे लव्हाळा नसला तरी ही दलदलच. घरामागे काढली, तशीच. दादाच्या उतारावरही तशीच. मी मोजणीवाल्यांना बोलावून माती दाखवली. लव्हाळा कुणी उपटला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निशाणं उपटून पार घराच्या वर रोवली गेली.

"स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास," दादा म्हणाला. चार प्लॉट गेल्याचा राग होताच, पण आवाज खाली आला होता. "घरसुद्धा गेलं की तुझं."

"हो," मी म्हणाले.

घर अगदी लगेच जाणार नव्हतं. आधीपासूनच्या घरासाठी एक अट असते, ती मंजुरीच्या कागदावर मलाच लिहावी लागली. संध्याकाळी आत्याने ती वाचून दाखवायला लावली. 'सदर घर राहत्या व्यक्तीच्या हयातीपुरतं ठेवता येईल, त्यानंतर ते काढून जागा मोकळी करावी.'

आत्या भांडी पुसत होती. "हयातीपुरतं म्हणजे कुणाच्या गं? माझ्या की तुझ्या?"

"तुझ्या."

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. मग स्वतःशीच हसली. "म्हणजे तुझं माहेर टिकवायचं तर मला मरायची सोय नाही."

आता तरी रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही.

"मरूच नकोस," मी म्हणाले. वर्षभरात मी कुणाकडे काही मागितलं, ते हे पहिलंच.