कुलूपबंद दुपार

भर उन्हाळ्यात स्वतःच्याच घरात बाहेरून कुलूप लावून बसायची कल्पना मनोहररावांना सुचली, त्याचा दोष नागपूरच्या उन्हाला देता येणार नाही. तो पाहुण्यांचा होता. मे महिना लागला, गावाकडच्या विहिरींनी तळ दाखवला, की साऱ्या नातेवाइकांना एकाएकी मनोहररावांची आठवण येई. खरं तर आठवण त्यांच्या कूलरची येई. पण कूलरला पत्र कसं लिहिणार, म्हणून ते मनोहररावांना लिहीत.

यंदा त्यांच्या पत्नी कांताबाई धाकट्या बहिणीकडे भिवापूरला गेलेल्या. घरात एकटे मनोहरराव. त्यांनी शेजारच्या रुपरावांशी करार केला. दुपारचं जेवण झालं की रुपरावांनी येऊन मनोहररावांच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकायचं आणि ऊन उतरल्यावर काढायचं.

"काहून गा?" रुपरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"पाहुणा कुलूप पाहून वापस जाते. माणूस पाहून कधी गेला काय?"

रुपराव एस.टी.त कंडक्टर होते. रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. त्यांना युक्ती पटली. फक्त स्वतःच्या दाराला कोण कुलूप लावणार, हा प्रश्न त्यांना सुटला नाही.

प्रतापनगरातलं ते लेआउट तेव्हा नवं होतं. घरं कमी, रिकामे प्लॉट जास्त, आणि प्लॉटांवर छातीएवढं वाळकं गवत. मनोहररावांच्या घराच्या पश्चिमेला असाच एक प्लॉट होता, पूर्वेला रुपरावांचं घर. दोन खोल्या, खिडक्यांना लोखंडी गज. मागचं दार होतं, पण त्यात कूलर बसवलेला. टिनवाल्यानं डबा खिडकीपेक्षा मोठा करून आणला, तेव्हा मनोहररावांनी तो मागच्या दारात उभा करून चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतले. कांताबाई म्हणाल्या होत्या, "जायले-यायले दार नाही ठेवलं तं कसं?" मनोहरराव म्हणाले होते, "मागच्या दारानं जाते कोण?"

त्या दिवशी दुपारी उष्ण वारा असा सुटला होता, की दोरीवरचं धोतर वाळून कडक झालं होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. घराघरांतून कूलरची घरघर तेवढी चालू होती. मनोहरराव बनियनवर पलंगावर आडवे झाले आणि नुकताच डोळा लागतोय, तोच पडवीत ट्रंक आदळल्याचा आवाज झाला.

"कांता! ओ कांता!"

मनोहररावांनी आवाज ओळखला. नरखेड तालुक्यातले मारोतराव, कांताबाईंचे थोरले भाऊ. हे संत्र्याच्या बागायतीतून मोकळे झाले की येत आणि मृगाचं पाणी पडल्यावर जात. मधल्या काळात ते कूलरसमोर पाय करून झोपत, आणि घोरण्यात कूलरला हार जात नसत.

"भाटवे! अजी भाटवे!" बहिणीच्या नवऱ्याला त्यांनी हाक मारली. मग कुलूप हलवलं. "कुलूप लावून कुठं गेले लेकाचे?"

मनोहररावांनी श्वास रोखला. कूलर बंद करावा काय? पण मधेच बंद झाला तर ते जास्त संशयास्पद दिसेल, आणि शिवाय उकडेल. दुसऱ्या कारणाला त्यांनी जास्त महत्त्व दिलं.

मारोतराव हलले नाहीत. पडवीत ट्रंकेवर बसले. त्यांनी विडी पेटवली, खाकरले, वाऱ्याला शिव्या दिल्या, बहिणीला दिल्या, आणि भाटव्यांना तर सविस्तर दिल्या. आत मनोहररावांना खोकला आला. त्यांनी उशी तोंडात धरली. आपण कैदी आहोत आणि पहारेकरी आपल्याच बायकोचा भाऊ आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

बऱ्याच वेळानं मारोतराव उठले आणि लघुशंकेला शेजारच्या प्लॉटात गेले. मनोहररावांनी पश्चिमेकडच्या खिडकीची फळी बोटभर उघडली. मारोतराव गवताकडे तोंड करून उभे होते. काम आटोपलं, तसं त्यांनी ओठातली विडी काढली आणि पेटतीच गवतात टाकली.

इथे मनोहररावांचा पूर्वेतिहास सांगायला हवा. ते वनखात्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. दरवर्षी होळीच्या आधी वणव्याबद्दलचं परिपत्रक तेच काढत. त्यातलं त्यांचं आवडतं वाक्य होतं : 'जळती विडी टाकणारा इसम आढळून आल्यास त्यास जागीच हटकावे.' साहेब बदलले, राज्य बदललं, वाक्य बदललं नाही. प्रत्यक्ष वणवा त्यांनी कधी पाहिला नव्हता, कारण कचेरीच्या खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या असत आणि ताट्यांआडून जंगल दिसत नाही.

आज इसम आढळून आला होता. जागीच होता. हटकायला फक्त तोंड उघडायचं होतं. मनोहररावांनी ते उघडलंसुद्धा. पण हटकलं की मारोतराव वळून पाहणार, फळीच्या फटीत डोळा दिसणार, डोळ्यामागे आपण असणार. आणि कुलपामागे बसून साळ्याला उन्हात वाळवल्याची गोष्ट नरखेडपासून भिवापूरपर्यंत जाणार. कांताबाई आपलं काय करतील, हा विचार मनात येताच त्यांनी तोंड मिटलं. विडी विझेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मारोतराव ट्रंक तिथेच ठेवून, दुपट्टा डोक्याला गुंडाळून पानठेल्याकडे निघून गेले. विडी विझली नाही.

आधी धूर दिसलाच नाही. उन्हात नुसती हवा थरथरली. मग गवत तडतडू लागलं आणि वाऱ्यासरशी जाळ घराकडे वळला. पश्चिमेच्याच भिंतीला टेकून, खिडकीच्या चौकटीपर्यंत, कांताबाईंनी पाणी तापवायला कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, रचून ठेवल्या होत्या. त्या पेटल्या की लाकडी खिडकी पेटणार, खिडकीनंतर पलंग. पुढचं मनोहररावांनी परिपत्रकात कधी लिहिलं नव्हतं.

त्यांनी दार ओढलं. कुलूप चांगल्या कंपनीचं होतं; स्वतः निवडून आणलेलं. मागे धावले. कूलरला लाथ घातली. टिनवाल्याचं कामही चांगलं निघालं. मग पूर्वेच्या खिडकीशी जाऊन ओरडले, "रुपराव! ओ रुपराव! आग लागली गा!"

हाताच्या अंतरावर रुपरावांचा कूलर घरघरत होता. पलीकडे आणखी एकाचा, त्याच्या पलीकडे आणखी एकाचा. सगळं लेआउट जागच्या जागी होतं आणि सगळं लेआउट बहिरं होतं. त्यांनी रुपरावांच्या कूलरवर तांब्या फेकला. तो गजांमधून गेलाच नाही, परत आला.

पाठीमागे पऱ्हाटी फुटल्याचा आवाज झाला. खोलीत जळका वास शिरला.

तेवढ्यात पलंगाखालच्या पोत्याकडे त्यांचं लक्ष गेलं. भिवापुरी मिरची. कांताबाईंनी निवडून, देठं खुडून, उन्हं दाखवून ठेवलेली, वर्षाच्या तिखटाची. निघताना त्या दारात थांबून म्हणाल्या होत्या, "घर सांभाळा नाही सांभाळा, माह्या मिरच्या सांभाळजा."

मनोहररावांनी पोत्याकडे पाहिलं, रुपरावांच्या कूलरकडे पाहिलं. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. हे ज्ञान त्यांना आजवर फक्त सुखाचं वाटलं होतं.

त्यांनी स्टोव्ह पूर्वेच्या खिडकीत ओढला, भडकवला, तवा ठेवला, तोंडाला ओला दुपट्टा बांधला आणि मिरच्या ओंजळीनं तव्यावर टाकल्या. पहिला धूर त्यांच्याच नाकात गेला. ते वाकून, डोळे मिटून, सुपानं तो खिडकीबाहेर लोटू लागले. शिंकत, खोकत, रडत. मिरच्या काळ्या पडल्या की नव्या टाकत. निम्मं पोतं रिकामं झालं तेव्हा त्यांना कांताबाईंचा चेहरा दिसू लागला. पण तो धुरामुळे असेल.

रुपराव शिंकले. कूलरच्या आवाजावर चढून ऐकू यावं इतकं शिंकले. मग त्यांची बायको प्रयागबाई ओरडली, "कोण मेला भर दुपारी तडका देऊन राहिला वं!" पलीकडचं दार उघडलं, त्याच्या पलीकडचं उघडलं. आख्खं लेआउट लुंगी-बनियनवर, खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आलं आणि त्याला जाळ दिसला.

नळाला पाणी नव्हतंच. लोकांनी कूलरच्या टाक्या उपसल्या. बायकांनी बादल्या आणल्या, पुरुषांनी कूलरच्या ओल्या खसाच्या जाळ्या उपटून जाळावर झोडपल्या. रुपराव अंगणात किल्ली शोधत होते, पण डोळ्यांच्या धारांमुळे त्यांना खिसाच सापडत नव्हता.

"बाजूले व्हा!" रस्त्याच्या टोकाकडून मारोतराव धावत आले. "आत माणूस आहे! आमचे भाटवे आहेत आत!" दगड उचलून त्यांनी कुलपावर घाव घातले. कुलूप टिकलं, कोयंडा गेला.

मनोहरराव बाहेर पडले ते थेट साळ्याच्या गळ्यात.

संध्याकाळी पश्चिमेची भिंत काळी आणि खिडकी अर्धी होती. प्लॉटावर राख उडत होती. कूलर नव्यानं भरून सुरू झाला, आणि त्यासमोर पाय करून मारोतराव पलंगावर पडले. मनोहरराव खाली सतरंजीवर बसले. रुपरावांनी कुलूप आपल्याच हातून चुकून लागलं असं चारचौघांत सांगितलं, प्रयागबाईच्या शिव्या खाल्ल्या आणि ते ड्यूटीवर निघून गेले.

मारोतरावांनी विडी पेटवली.

"कोण्या गाढवानं गवत पेटवलं असन, भाटवे?"

मनोहरराव सावधपणे म्हणाले, "मी तं झोपलो होतो."

"हो नं." मारोतरावांनी धूर सोडला. मनोहररावांना आत्ता कुठे आठवलं : आत माणूस आहे, हे मारोतरावांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

"कुलूपबंद घरात कूलर चालू," मारोतराव छताकडे पाहत म्हणाले. "खालून पाणी टपकून राहिलं. म्हटलं, घरच हवा खाऊन राहिलं असन. पाहू, किती वेळ खाते. मग खिडकीची फळी उघडली बोटभर. मुतताना माणसाले मागचं दिसत नाही असं थोडीच आहे?"

मनोहररावांनी सतरंजीचं सुटलेलं सूत ओढायला घेतलं.

"कांताले मी काही सांगत नाही," मारोतराव म्हणाले. "तुम्हीही काही सांगू नका. मिरच्या आगीत गेल्या. बस."

"बस," मनोहरराव म्हणाले.

मारोतरावांनी विडी काळजीपूर्वक तांब्यात विझवली, कूस बदलली आणि म्हणाले, "आता तुम्हाले एकटं सोडणं बरोबर नाही. कोयंडा मोडलेला, शेजारी असा भुलक्कड. मी आहे मृगापर्यंत. आणि हे पाहा, दुपारी कोणी आलं तं तुम्ही उठू नका. मी सांगीन, घरी कोणी नाही म्हणून."