घरातला प्रेक्षक

"बाई, ही मालिकेची गोष्ट झाली. परीक्षण कुठे आहे?" संपादकांनी कागद पुन्हा परत सरकवला.

मुद्रितशोधक बाईंचं डोकं फिरलं. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. टीव्हीवर लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले, तेव्हा त्यांनीच हौसेनं विचारलं होतं, "मी लिहून बघू का?" आता रोज हे असं.

"मग लिहू तरी काय?"

"काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ते कसं दाखवलं, कशासाठी दाखवलं, ते लिहा."

घरी मात्र बाई 'धाकटी' होत्या. थोरली बहीण, ताई, तिचा नवरा गेल्यापासून धाकटीकडेच राहायला आली होती. संध्याकाळी मालिका लागली की दोघी शेजारी शेजारी बसत. पण हल्ली धाकटीची टकळी थांबत नसे.

"बघ, तोच चेहरा किती वेळा दाखवतात."

"दाखवू देत की."

"आणि एक दार उघडायला एवढा वेळ? भाग लांबवायचा नुसता."

"धाकटे, बघायचं नसेल तर आत जा. माझं डोकं खाऊ नकोस."

धाकटी आत गेली नाही. ती पडद्याऐवजी ताईकडे बघू लागली. सून घर सोडून निघाली, व्हायोलिन सुरू झालं आणि ताईनं डोळे पुसले. धाकटीनं तिथल्या तिथे लिहायला घेतलं.

या वेळी कागद परत आला नाही. "आता जमलं," संपादक म्हणाले. रविवारी नावासकट छापून आलं. 'व्हायोलिन वाजलं की रडायचं, हे आमच्या घरातल्या प्रेक्षकाच्या इतकं अंगवळणी पडलंय, की पडद्यावर काय चाललंय ते बघायचीही गरज उरलेली नाही.'

ताईनं चहा घेता घेता ते वाचलं आणि अंकाची नीट घडी घातली.

"छान लिहिलंयस. घरातला प्रेक्षक म्हणजे मीच ना?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. हे गेल्यापासून मी आणखी कुठे रडले सांग. इथे टीव्हीसमोर कुणी विचारत नव्हतं, का रडतेस म्हणून."

धाकटीला स्वतःचा राग आला, संपादकांचा आला, त्या मेल्या व्हायोलिनचाही आला.

संध्याकाळी ताईनं टीव्ही लावला आणि आवाज पार बंद करून टाकला. हट्टानं तशीच बघत बसली. पडद्यावर नुसते ओठ हलत होते. धाकटी शेजारी येऊन बसली, अवाक्षर न काढता. बऱ्याच वेळानं सून परत आली. सासू दारात उभी राहून काहीतरी बोलली.

"काय म्हणाली गं ती?" ताईनं विचारलं.

धाकटीनं निरखून पाहिलं. "म्हणाली, आत ये. आधी जेवून घे."

ताईचे डोळे भरून आले. धाकटीच्या ते लक्षात आलं, पण तिनं नजर पडद्यावरून हलवली नाही.