न लिहिलेली ओळ

मुकादमाचा उजवा हात मी मोडला, हे खरं आहे. कबूल आहे मला. पण मी तो दुसऱ्यांदा मोडला. पहिल्यांदा त्याने तो स्वतःच माझ्या भावाच्या जबड्यावर मोडून घेतला होता, आणि पोलिसांना सांगितलं होतं की ह्या माणसाने माझ्या हातावर लोखंडी गज घातला.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पत्रे कापायच्या कारखान्यात मोठ्या प्रेसवर होता. माणसाची बोटं आत जाऊ नयेत म्हणून प्रेसला पुढून जाळी असते. जाळीमुळे काम हळू होतं म्हणून मुकादमाने ती काढून टाकली, आणि आठवड्याभरात एका कामगाराची तीन बोटं पत्र्याच्या तुकड्यांबरोबर खालच्या डब्यात पडली. मुकादमाने फडक्याने प्रेस पुसली आणि भावाला म्हणाला, ‘‘चल, तू बस.’’ भावाने सरळ जाऊन कारखान्याचं मेन स्विच खाली पाडलं. जाळी लागेपर्यंत मशीन कुणी चालवायची नाही, म्हणाला. मुकादमाने स्विच परत वर केलं, दोन माणसं हाताशी घेतली आणि त्याला तुडवला. जबडा तीन ठिकाणी मोडला, पाच बरगड्या गेल्या, डावा डोळा गेला.

सहा आठवडे तो हॉस्पिटलात पडून होता. तोंड तारांनी बांधलेलं, आई नळीने पातळ भरवायची, आणि दाराशी पोलीस बसलेला. कारण आरोपी तोच होता. परवावर तारीख आली होती. मुकादमाच्या बाजूने दोन साक्षीदार, ह्याच्या बाजूने कुणी नाही. पाच-सात वर्षं धरूनच चाला, असं वकिलाने आईच्या तोंडावर सांगितलं.

त्या कारखान्यातले कॅमेरे मी बसवलेले. आमचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे, मी आणि माझा भागीदार, ज्याला सगळे दाढी म्हणतात, असे दोघंच. भाऊ तिथे नंतर लागला. मला तो ‘ताई’ म्हणायचा, पण बाई मेकॅनिक म्हटल्यावर मी तिथे सगळ्यांचीच ताई होते, त्यामुळे आमचं नातं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या दिवशी मी त्याला बजावलं होतं, ‘‘मुकादम हात उचलणारा आहे. काही झालं तर चार नंबरच्या कॅमेऱ्याखाली जाऊन उभा राहा. हिरवा दिवा लागलेला असला की समज, मी बघतेय.’’ तो हसला होता. म्हणाला, ‘‘तू लहानपणापासून बघतेसच आहेस. एक दिवस सुट्टी घे.’’

मालकाने पोलिसांना सांगितलं की वीज ह्यानेच बंद केली, मग कॅमेरे कसे चालतील? आणि पोलीस यायच्या आत मुकादमाने चित्रणाची मोठी डिस्क त्याच प्रेसखाली घातली. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क बसवायला दाढी गेला, तेव्हा जुनी कोपऱ्यातल्या डब्यात पडली होती, पार चपटी. हे त्याने मला सांगितलं आणि मी दुकानातली खुर्ची भिंतीवर फोडली.

आणि सहा आठवड्यांनी कारखान्यातून फोन आला की कॅमेऱ्यांचा कॉम्प्युटर सारखा अडकतोय.

‘‘मी जातो,’’ दाढी म्हणाला. ‘‘तू गेलीस तर कुणाचा तरी मुडदा पाडून येशील.’’

‘‘काम करून येईन,’’ मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

भर दुपार होती. कॉम्प्युटर मुकादमाच्या माडीवरच्या खोलीत, लोखंडी कपाटात. खाली प्रेस धाडधाड चालू होती. जाळी अजूनही लागलेली नव्हती. मुकादम खुर्चीत रेलून डाव्या हाताने शेंगा फोडत बसला होता. उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

‘‘या ताई. बघा जरा ह्याच्याकडे, दर तासाला झोपतो लेकाचा.’’

‘‘हाताला काय झालं?’’ मी विचारलं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘‘कुत्रं चावलं,’’ तो हसला. ‘‘आता तोंड बांधून ठेवलंय त्याचं.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कीबोर्ड पुढे ओढला.

रोग साधा होता. सहाचे दहा कॅमेरे झाले होते आणि मेमरी होती तेवढीच. मेमरी भरली की कॉम्प्युटर तिच्यातलं थोडं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो. त्या जागेला स्वॅप म्हणतात. इथे ती ठेवलेलीच नव्हती. चार जीबीची स्वॅप फाइल करायची, ती चालू करायची, दहा मिनिटांचं काम. मी आज्ञा दिली. उत्तर आलं की डिस्कवर जागा नाही.

जागा नाही म्हणजे काय? ही सिस्टिमची छोटी डिस्क, साठ जीबीची. चित्रण हिच्यावर जातच नाही, ते मोठ्या डिस्कवर जातं. मी एकेक फोल्डर मोजला. बेरीज सतरा आली. डिस्क मात्र साठच्या साठ भरल्याचं सांगत होती. त्रेचाळीस जीबी तिच्यावर होते आणि कुठल्याच फोल्डरमध्ये सापडत नव्हते.

मग मी डिस्कांच्या नोंदींचा तक्ता उघडला. मोठी डिस्क कॉम्प्युटरला नुसती जोडून भागत नाही, ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवावी लागते. त्याला माउंट पॉइंट म्हणतात. मग त्या फोल्डरात टाकलेलं सगळं मोठ्या डिस्कवर जातं. पण कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की हे बसवणं विसरतो, म्हणून तक्त्यात तशी एक ओळ लिहून ठेवायची असते. ओळ तिथे होती. पण ती दाढीची होती, शेजारी त्याने तारीखही टाकली होती, मारहाणीच्या दुसऱ्या दिवसाची. माझी ओळ नव्हतीच. मी डिस्क हाताने बसवली होती, चालतंय म्हटल्यावर पिशवी उचलून घरी गेले होते. कालपरवा शिकायला लागलेला माणूसही ही चूक करत नाही. मी केली, आणि वर्षभर कॉम्प्युटर एकदाही बंद न पडल्यामुळे कुणाला कळली नाही.

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो भावाने स्विच पाडलं तेव्हा. मुकादमाने वीज परत आणली, कॉम्प्युटर चालू झाला, आणि मोठी डिस्क फोल्डरवर बसलीच नाही. कॅमेऱ्यांनी चित्रण त्या मोकळ्या फोल्डरात टाकलं, म्हणजे ह्या छोट्या डिस्कवर. मुकादमाने प्रेसखाली चिरडली त्या डिस्कवर त्या तासाचं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाढीने नवी डिस्क त्याच फोल्डरवर बसवली. त्याने खालचं पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं, भरल्या पेटीवर दुसरी पेटी ठेवावी तसं.

नवी डिस्क फोल्डरवरून उतरवायची आज्ञा दिली तर ‘वापरात आहे’ असं उत्तर आलं. कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम तिला धरून बसला होता. मी प्रोग्रॅम थांबवला आणि भिंतीवरचा पडदा काळा झाला.

‘‘ओ, काळं का झालं ते?’’

‘‘दोन मिनिटं, दादा.’’ त्याला दादा म्हणताना तोंड कडू झालं.

डिस्क उतरली. मी फोल्डर उघडला. त्या दिवसाच्या फाइली ओळीने उभ्या होत्या, अकरा बेचाळीसपासून पुढे. चार नंबरची पहिली उघडली. मुकादम चित्रात चालत आला, दोन्ही हात धडधाकट. माझ्या मागे शेंगा फुटायच्या थांबल्या.

त्याने डाव्या हाताने माझे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, परत एकदा. पुढचा दात ओठातून बाहेर आला. तोंडात रक्त भरलं.

‘‘कोण गं तू? कोण?’’

‘‘त्याची ताई,’’ मी म्हणाले. ‘‘सख्खी.’’

त्याने माझी मान दाबली. माझ्या हाताला त्याचं प्लास्टर लागलं. मी ते दोन्ही हातांनी ओढून कपाटाच्या चौकटीवर धरलं आणि लोखंडी दार लाथेने बंद केलं. प्लास्टर तडकलं. तो ओरडला, केस सुटले. पहिली लाथ सुटण्यासाठी होती. पुढच्या तीन मी माझ्या सुखासाठी मारल्या, हेही लिहून घ्या. खालच्या प्रेसच्या धाडधाडीत त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि आईचं नाव घेऊ लागला. मी कॉम्प्युटर बंद केला, छोटी डिस्क उपसून पिशवीत टाकली आणि जिना उतरले. प्रेसवरच्या माणसाने माझं तोंड पाहिलं, वर खोलीकडे पाहिलं, आणि मशीन बंद करून बाजूला झाला.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. भावाच्या केसच्या तपास अधिकारी बाई होत्या. त्यांनी आधी मला ओठावर धरायला फडकं दिलं, मग माझ्याकडून डिस्क जोडून घेतली. आम्ही दोघींनी चार नंबरचं चित्रण लावलं.

भाऊ कॅमेऱ्याखाली उभा होता. मान वर करून थेट आमच्याकडे बघत होता. मग मुकादम आणि ती दोघं लांबून येताना दिसली. भावाने आणखी एकदा वर पाहिलं, मान हलवली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. गज नव्हता, काही नव्हतं. मुकादमाने धावत येऊन ठोसा मारला, आणि स्वतःचंच मनगट धरून वाकला.

बाईंनी चित्रण थांबवलं. ‘‘सुटला तुमचा भाऊ,’’ त्या म्हणाल्या. मग पुन्हा मागे नेऊन पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘पण हे बघा. दार इथे, सताड उघडं. हे लोक तिकडे, वीस पावलांवर. पळाला का नाही हा?’’

‘‘मी सांगितलं होतं त्याला,’’ मी म्हणाले. ‘‘हिरवा दिवा लागला की मी बघतेय म्हणून.’’

बाईंनी चित्रण पुढे सोडलं. जबडा, बरगड्या, शेवटी डोळा. मी एकदाही मान न वळवता सगळं बघितलं, सहा आठवडे उशिरा.