एका सिनेमाला एकच टाळी

त्या घरात रहस्यपट बघायचा एक नियम होता. गुन्हेगार कोण हे कळलं असं ज्याला वाटेल त्याने टाळी वाजवायची, सिनेमा थांबवायचा आणि नाव सांगायचं. माणशी एका सिनेमाला एकच टाळी. चुकलात की शेवटपर्यंत तोंडाला कुलूप.

नियम अण्णांचा. जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून राबलेला माणूस. फुकटा प्रवासी डब्यात कुठे बसलाय हे त्यांना दारातूनच कळायचं, तिथे सिनेमातल्या खुन्याची काय कथा! त्यांची बहीण, म्हणजे आत्या, सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायची आणि दर वेळी तोंडघशी पडायची. माळी, डॉक्टर, मोलकरीण, एकदा तर ज्याचा खून झाला तोच माणूस, अशा कित्येक निरपराध लोकांना तिने फासावर चढवलं होतं. अण्णा मात्र हाताची घडी घालून शांत बसायचे. त्यांची टाळी वाजली की खुनी संपला असं समजायचं.

मग काचबिंदूने त्यांची नजर नेली. आधी कडेचं दिसेना, पुढे मधलंही गेलं. त्यांनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही, पण सिनेमा सोडला. बाहेरच्या खोलीत रहस्यपट लागला की ते भिंतीला हात लावत आत जायचे आणि रेडिओ मोठा करायचे. "मला काय, दारं उघडतात आणि मिटतात एवढंच ऐकू येतं," म्हणायचे. त्यांच्यावाचून बाकीच्यांनाही गोडी वाटेना. आत्या रविवारी यायची, चहा प्यायची, गुडघ्यांची तक्रार करायची आणि जायची. घरातल्या टाळ्या बंद झाल्या आणि सगळ्यात जास्त त्या अण्णांच्या धाकट्या मुलीला आठवायच्या.

तिला घरात भिंगरी म्हणत. लहानपणापासून पाय एका जागी ठरेल तर शपथ. पण तिने काम धरलं ते मात्र खुर्चीला चिकटून करायचं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी ती सिनेमाचं वर्णन लिहायची आणि स्वतःच्या आवाजात बोलायची. दोन संवादांच्या मधे जी फट सापडेल तिच्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं: कोण आलं, कोणी चिठ्ठी खिशात घातली, कोणाचा हात थरथरला. एखादी फट वाक्याची असते, एखादी जेमतेम दोन शब्दांची. हे काम तिने अण्णांच्या पायीच धरलं होतं आणि अण्णांनी तिचा एकही सिनेमा ऐकला नव्हता.

"तू सांगणार आणि मी ऐकणार," ते म्हणायचे. "मग खुनी पकडला कोणी, तू की मी?"

याचं उत्तर मिळालं ते एका भुताच्या सिनेमात.

सिनेमा थिएटरात आला तसा गेला. फार अंधार आहे, काही दिसतच नाही, असं बघणारे कुरकुरले. भिंगरी मनात म्हणाली, मग हा आमच्या अण्णांसाठीच काढलाय. आता त्याची डिस्क निघणार होती, लोकांना घरी बसून बघायला, आणि तिच्यावरच्या वर्णनाचं काम तिच्याकडे आलं. तिने तो पहिल्यांदा पाहिला आणि शेवट आला तेव्हा खुर्चीतून उठून खोलीभर चकरा मारल्या. इतका आनंद तिला कुठल्याच प्रेताने दिला नव्हता.

गोष्ट अशी होती. कडाक्याची थंडी, धुकं, एक जुनं हॉटेल. हॉटेलचा मालक आतून कडी लावलेल्या खोलीत मरून पडलेला. लांब कोट घातलेला एक थकला-भागला हेर चौकशीला येतो. मालकाची बायको, पियानोवाला, डॉक्टर, सगळे काही ना काही लपवतात. खरं बोलतो तो फक्त दारावरचा म्हातारा रखवालदार. कंदील धरून हेराला वाट दाखवतो, धीर देतो. आणि शेवटी कळतं की या रखवालदाराला मालकाने फार वर्षांपूर्वी जिवे मारून तळघरात पुरलेलं आहे. सूड घेतला तो त्याने.

आता गंमत बघा. हा पुरावा सबंध सिनेमाभर डोळ्यांसमोर असतो. थंडीमुळे ज्याच्या त्याच्या तोंडातून बोलताना वाफ निघते. रखवालदाराच्या तोंडातून निघत नाही. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शेवटी हेर त्याच्या तोंडासमोर काच धरतो आणि काच लख्ख राहते, बस.

पण जे नाहीच ते सांगायचं कसं? "रखवालदाराच्या तोंडातून वाफ येत नाही," एवढं म्हटलं की सिनेमा तिथेच आटोपला. न म्हणावं तर डोळस माणसाला मिळालेला पुरावा आंधळ्याला मिळालाच नाही, म्हणजे शुद्ध फसवणूक. इकडे आड, तिकडे विहीर. भिंगरीने नखं खाल्ली, घरच्यांचं डोकं खाल्लं, आणि मग तिला वाट सापडली. वाफ सगळ्यांना वाटायची. हेराची वाफ काचेवर बसते, बायकोची वाफ शालीत अडकते, पियानोवाला आपल्याच वाफेने बोटं शेकतो. रखवालदार आला की त्याची टोपी सांगायची, कंदील सांगायचा, कोटाची बटणं सांगायची. वाफेचं नावही काढायचं नाही. ज्याचे कान जागे असतील त्याला कळेल.

रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मान डोलावली. "झकास झालंय. फक्त तो रखवालदार आला की जरा मोकळं बोल. आवाज गळा धरल्यासारखा वाटतो."

तिने पुन्हा बोलून पाहिलं. पुन्हा तसंच. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे, भुताचाच सिनेमा आहे, खपून जाईल."

एक भांडण मात्र तिने जिंकलं. वर्णनाचा आवाज लावायचा तर तो आधी पडद्यावरच्या यादीतून निवडावा लागतो. म्हणजे आंधळ्याची सोय करायला शेजारी डोळस माणूस हवाच. तिने कंपनीच्या मागे भुणभुण लावून ती यादीच बोलती करून घेतली. डिस्क घातली की आवाज यायचा, "वर्णनासह बघायचं असल्यास मधलं बटण दाबा."

डिस्क विकायला आली त्या रविवारी भिंगरी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत घरी आली. आत्या चहा पीत होती. आई गरम लाह्यांचं पातेलं हलवत होती. अण्णा उठून आत जायच्या बेतात होते.

"अण्णा, बसा. आज तुम्हाला सुट्टी नाही."

"तुझं ते वर्णन ना? नको गं बाई."

"मी खुनी सांगणार नाही. शप्पथ. पुरावा आहे, तो तुमचा तुम्हीच उचलायचा. जेवढं आत्याला दिसेल तेवढंच तुम्हाला ऐकू येईल. त्याहून एक कणही जास्त नाही."

"आत्याला जेवढं दिसतं तेवढ्यात आजवर काय निघालंय?" अण्णा म्हणाले आणि आत्याने कप आपटला.

पण ते बसले. मग म्हणाले, "एकदाच. मला पकडता आला नाही तर पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही. आणि मुद्दाम माझ्यासाठी सोपं केलंयस असं मला वाटलं तर मी उठून जाईन. मला दया नको आहे, भिंगरे."

"कबूल," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत अण्णांना परत त्या खोलीत आणायची ही एकच संधी होती, आणि तीही तिने अटीवर घेतली होती.

आत्याने डिस्कचा डबा उलटा करून मोठ्याने वाचलं, "एक खून, एक हेर, एक भूत." अण्णांनी रिमोट मागून घेतला. यादी बोलली आणि त्यांनी मधलं बटण स्वतः दाबलं. आईने पडदे ओढले. सिनेमा सुरू झाला आणि खोलीत दोन भिंगऱ्या झाल्या. एक सोफ्याच्या कडेवर बसलेली आणि एक टीव्हीतून बोलणारी.

"धुकं. हेर कॉलर वर करतो. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर बसते."

अण्णांनी हाताची घडी घातली. भिंगरीने ते पाहिलं आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने लाह्यांची मूठ तोंडात कोंबली.

पियानोवाला आला मात्र, आत्याची टाळी वाजली. "हाच! बोटं बघा कशी लांब आहेत."

"गप्प बस आता शेवटपर्यंत," अण्णा म्हणाले. सिनेमा पुढे सरकला.

रखवालदार आला. "टोपी कपाळापर्यंत ओढलेली. कंदील वर धरतो." अण्णांनी मान किंचित तिरकी केली. बायको आली, तिची वाफ शालीत अडकली. डॉक्टर आला, वाफेने त्याचा चष्मा धूसर झाला. पुन्हा रखवालदार. "कोटाची पितळी बटणं. कंदिलाची काच काळी." अण्णांच्या घडीतला एक हात सुटला. भिंगरी त्यांच्याकडे बघेना, कारण बघितलं असतं तर ती ओरडलीच असती. आईने तिचा गुडघा दाबून धरला.

तिसऱ्यांदा रखवालदार दारात उभा राहिला आणि अण्णांनी टाळी वाजवली.

इतकी खणखणीत की आत्याच्या हातून लाह्या सांडल्या. "थांबवा! रखवालदार. आणि तो जिवंत माणूस नाही. भूत आहे ते."

"दादा, काहीतरीच काय! तो गरीब बिचारा कंदील धरतोय!"

"तू तोंडाला कुलूप लावलंयस. लावा पुढे."

पुढचा सिनेमा भिंगरीने कसा काढला तिचं तिला माहीत. शेवटी हेराने काच धरली, काच लख्ख राहिली आणि आत्या किंचाळली, "अगं बाई, खरंच की! दादाने पकडला!" आई हसत होती आणि पदराने डोळे टिपत होती. भिंगरी टुणकन उठली, खोलीभर नाचली, अण्णांचे दोन्ही हात धरून हलवू लागली.

"वाफ ना अण्णा? वाफेवरून ओळखलंत ना?"

"कसली वाफ?" अण्णा म्हणाले.

भिंगरी जागच्या जागी थांबली. "मग कशावरून?"

"तुझ्यावरून." अण्णांच्या चेहऱ्यावर तिकीट तपासनीसाचं जुनं हसू होतं. "फुकटा माणूस मी दारात आलो की श्वास धरायचा. तूही लहानपणी तेच करायचीस, फुलदाणी फोडली होतीस तेव्हापासून. आज बाकी सगळ्यांच्या वेळी तुझा श्वास ऐकू येतोय, टीव्हीतूनही आणि सोफ्यावरूनही, आणि तो म्हातारा आला की गायब. म्हटलं, पोरगी याच्यातच काहीतरी लपवतेय. चोराच्या मनात चांदणं. आणि कडी लावलेल्या खोलीत शिरायचं तर भूतच हवं. डब्यावर लिहिलेलं आत्याने वाचलंच होतं."

भिंगरीला हसावं की रडावं कळेना. केवढी धडपड करून तिने ती वाफ वाटली होती, आणि अण्णांनी ती ऐकलीसुद्धा नव्हती. "हा रडीचा डाव झाला," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "तुम्ही सिनेमा पकडलाच नाहीत. मला पकडलंत."

"टाळी एका हाताने वाजत नाही," आई म्हणाली. "त्यांनी चोरून ऐकलं, पण श्वास तूच धरलास ना?"

अण्णांचं हसू मावळलं. मुलीचा आवाज कसा झालाय हे त्यांना न बघताच कळलं होतं. "ती वाफेची काय भानगड आहे?"

"अहो, ती सबंध सिनेमाभर..."

"सांगू नकोस!" ते एवढ्या जोरात ओरडले की सगळे दचकले. "एक अक्षर बोलू नकोस. रिमोट कुठाय? पहिल्यापासून लावतो."

आत्याने गुडघ्यांची तक्रार केली नाही, घरी जायचंही नाव काढलं नाही. आईने पुन्हा पातेलं चढवलं. यादी बोलली, अण्णांनी मधलं बटण दाबलं आणि या खेपेला ते पुढे वाकून बसले. हेराची वाफ काचेवर बसली. बायकोची शालीत अडकली. पियानोवाल्याने बोटं शेकली. अण्णा एकेकाच्या वेळी बोट मिटत होते. रखवालदार आला, टोपी आली, कंदील आला, आणि अण्णांचं बोट तसंच उघडं राहिलं. ते थांबून होते. पितळी बटणं आली, काळी काच आली. बोट मिटलंच नाही.

"भिंगरे," ते हळूच म्हणाले, "याच्या तोंडातून वाफ निघत नाहीये. दिसतंय मला."

टीव्हीतली भिंगरी पुढचं सांगत राहिली. सोफ्यावरच्या भिंगरीच्या ध्यानात आलं की या वेळीही तिने श्वास धरला होता. तिने तो सोडला.

"माझी टाळी तर मघाशीच गेली," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने आपला पंजा पुढे केला. "ही तुझी. दे."

तिने दिली.